अंतिम शब्द कोणाचा? कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय यांच्यातील सत्तासमतोल

१९६४ सालच्या मार्च महिन्यात उत्तर प्रदेश विधानसभेने एक विलक्षण ठराव संमत केला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे, असा तो ठराव होता. विधानसभेने तुरुंगात धाडलेल्या एका नागरिकाला या न्यायमूर्तींनी जामीन दिला, हा त्यांचा सभागृहाच्या लेखी झालेला अपराध होता.

केशव सिंग हे गोरखपूरचे राजकीय कार्यकर्ते. एका आमदारावर भ्रष्टाचाराचे आरोप करणारे पत्रक त्यांनी सहकाऱ्यांसमवेत प्रसिद्ध केले. विधानसभेने तो हक्कभंग ठरविला आणि समज देण्यासाठी त्यांना सभागृहात पाचारण केले. १४ मार्च रोजी ते सभागृहात उभे राहिले, ते अध्यक्षांकडे पाठ फिरवून. आपण केलेले आरोप खरेच आहेत, असे पत्रही त्यांनी अध्यक्षांना धाडले होते. सभागृहाने त्यांना सात दिवसांच्या कैदेची शिक्षा ठोठावली. १९ मार्च रोजी त्यांच्या वकिलाने उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे याचिका केली आणि खंडपीठाने केशव सिंग यांची जामिनावर मुक्तता केली. २१ मार्च रोजी विधानसभेने उपरोक्त ठराव केला. त्यावर २३ मार्च रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या उर्वरित सर्व म्हणजे २८ न्यायमूर्तींचे पूर्णपीठ बसले आणि त्याने ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली.

एकीकडे लोकांनी निवडून दिलेले सभागृह आणि दुसरीकडे राज्यातील सर्वोच्च न्यायपीठ अशी दोन घटनात्मक सत्तास्थाने आमनेसामने ठाकली होती. पोलिसांनी कोणाचा हुकूम मानावा, या प्रश्नाला त्या क्षणी सर्वमान्य उत्तर नव्हते. केंद्र सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपतींनी २६ मार्च रोजी राज्यघटनेच्या कलम १४३ अन्वये सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला आणि पेच तात्पुरता निवळला. मात्र या प्रसंगाने उपस्थित केलेला प्रश्न त्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. लोकशाहीच्या तीन अंगांत अंतिम शब्द कोणाचा?

घटनाकारांची निवड

कायदे करणारे, ते राबविणारे आणि त्यांच्यानुसार न्यायनिवाडा करणारे हात एकच असू नयेत, हा विचार अठराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू यांनी मांडला. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेवर त्याचा मोठा प्रभाव आहे. तेथे राष्ट्राध्यक्ष किंवा त्यांचे मंत्री संसदेचे सदस्य असू शकत नाहीत.

भारतीय घटना समितीतही असा आग्रह धरला गेला होता. १९४८ च्या डिसेंबरमध्ये प्रा. के. टी. शहा यांनी तिन्ही अंगांमध्ये संपूर्ण विभाजन असावे, अशी दुरुस्ती सुचविली. समितीने ती फेटाळली. त्याआधी नोव्हेंबरमध्ये घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी यामागची भूमिका स्पष्ट केली होती. अध्यक्षीय पद्धतीत सरकारला स्थैर्य अधिक लाभते, तर संसदीय पद्धतीत ते लोकप्रतिनिधींना अधिक जबाबदार राहते. मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला प्राधान्य दिले आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. संसदीय पद्धतीत सरकारच्या कारभाराची झडती प्रश्नोत्तरे, ठराव आणि अविश्वास प्रस्ताव यांद्वारे दररोज घेता येते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

परिणामी भारतात मंत्रिमंडळ कायदेमंडळातूनच तयार होते आणि कलम ७५ व १६४ अन्वये अनुक्रमे लोकसभेला व विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. न्यायसंस्था मात्र वेगळी ठेवण्यात आली. कार्यपालिकेपासून तिची फारकत करण्याचे निर्देश कलम ५० मध्ये आहेत. कायदा घटनेशी विसंगत असल्यास तो रद्द ठरविण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. त्याच वेळी सभागृहाच्या कामकाजाची वैधता केवळ कार्यपद्धतीतील त्रुटीच्या कारणावरून न्यायालयात तपासता येणार नाही, असे कलम १२२ व २१२ सांगतात. न्यायमूर्तींच्या कर्तव्यपालनातील वर्तनाची चर्चा विधिमंडळात करता येणार नाही, असे कलम २११ सांगते. संसदेत ती केवळ न्यायमूर्तींना पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावरच करता येते, असे कलम १२१ सांगते. असा प्रस्ताव प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने संमत व्हावा लागतो.

थोडक्यात, प्रत्येक अंगाला स्वतःचे क्षेत्र आहे आणि दुसऱ्याच्या क्षेत्रात डोकावण्याची एक मर्यादित वाटही आहे. हा समतोल प्रथम कोठे ढळतो, हे पाहण्यासाठी सरकार आणि कायदेमंडळ यांच्या संबंधापासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.

वटहुकुमांचे राज्य

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज भासल्यास राज्यपालांना कलम २१३ अन्वये वटहुकूम काढता येतो. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते. तोवर विधिमंडळाने त्याचा कायदा करावा, अशी ही व्यवस्था आहे.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांच्या संशोधनातून बिहारमधील वेगळेच चित्र समोर आले. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम काढण्यात आले होते आणि मुदत संपताच ते पुनःपुन्हा जारी करून एक ते चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यात आले होते. विधिमंडळाची अधिवेशने होत होती, पण कायदे मात्र सचिवालयात तयार होत होते. डॉ. वाधवा यांनी याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निकाल देताना ही प्रथा म्हणजे राज्यघटनेशी केलेली प्रतारणा होय, असा निर्वाळा दिला. २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी पुढे जाऊन वटहुकूम विधिमंडळापुढे मांडणे हे बंधनकारक घटनात्मक कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले.

या प्रकरणाचा विशेष असा, की न्यायालयाने येथे कायदेमंडळाचा अधिकार हिरावून घेतला नाही. सरकारने घेतलेला अधिकार त्याला परत मिळवून दिला. आणि ही त्रुटी लक्षात आणून दिली ती एका अभ्यासकाने. ज्या विधिमंडळाचे हक्क डावलले जात होते, तेथील बहुमत सरकारच्याच बाजूचे असते. सरकारला जाब विचारण्याची जबाबदारी असलेले सभागृह सरकारच्या बहुमतामुळे गप्प राहते, हा संसदीय पद्धतीतील कच्चा दुवा होय.

संसद विरुद्ध न्यायालय

सर्वांत मोठा संघर्ष घटनादुरुस्तीच्या अधिकारावरून झाला. गोलकनाथ खटल्यात २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा अधिकार संसदेला नाही, असा निकाल दिला. संसदेने १९७१ मध्ये २४ वी घटनादुरुस्ती करून हा अधिकार आपल्याकडे असल्याचे स्पष्ट केले. ही दुरुस्ती तपासण्यासाठी तेरा न्यायमूर्तींचे पीठ बसले. केशवानंद भारती खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. याचिकाकर्त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सिरवई हे मुंबईचे दोन नामवंत विधिज्ञ उभे होते. सुनावणी ६८ दिवस चालली.

२४ एप्रिल १९७३ रोजी लागलेला निकाल दोन्ही बाजूंना अंशतः अनुकूल होता. राज्यघटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, असे सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरविले. न्या. एच. आर. खन्ना यांचे मत यात निर्णायक ठरले.

सरकारची प्रतिक्रिया तत्काळ उमटली. न्या. शेलाट, न्या. हेगडे आणि न्या. ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. राय यांची सरन्यायाधीशपदी निवड झाली. डावलले गेलेले तिघेही सरकारच्या विरोधातील बाजूचे होते आणि तिघांनीही राजीनामे दिले.

पुढे आणीबाणीच्या काळात १९७५ मध्ये ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्याचा प्रयत्न झाला. त्या तरतुदीचा मुख्य भाग सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी रद्द केला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तर संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही आणि अशी दुरुस्ती न्यायालयात आव्हानित करता येणार नाही, अशी कलमेच घातली. मिनर्व्हा मिल्स खटल्यात ३१ जुलै १९८० रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने ती अवैध ठरविली. घटनेने दिलेल्या मर्यादित अधिकाराचा वापर करून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, हे या निकालाचे सार आहे.

न्यायालय चुकते तेव्हा

हा इतिहास न्यायालयाच्या विजयाची कथा म्हणून सांगितला जातो. परंतु ते अर्धेच सत्य आहे. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते सारे निकाल फिरविले. राष्ट्रपतींचा आदेश लागू असेपर्यंत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. न्या. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदविले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलण्यात आली आणि त्यांनी राजीनामा दिला.

ही चूक प्रथम दुरुस्त केली ती संसदेने. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. न्यायालयाने स्वतःचा निकाल औपचारिकरीत्या रद्द ठरविण्यास २०१७ साल उजाडावे लागले. खासगीपणाच्या हक्काविषयीच्या त्या निकालातील एक प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे होते. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड यांचा समावेश होता.

न्यायाधीशांच्या नेमणुकीचा वादही असाच दुपदरी आहे. १९८१ च्या निकालाने या बाबतीत सरकारचे मत प्रमुख मानले होते. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी ते प्राधान्य ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या न्यायवृंदाकडे आले. राज्यघटनेत 'न्यायवृंद' हा शब्द कोठेही नाही. २०१४ मध्ये संसदेने ९९ व्या घटनादुरुस्तीद्वारे सहा सदस्यांचा राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग स्थापण्याचे ठरविले आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी त्यास संमती दिली. सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने ही दुरुस्ती रद्द केली. न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य हा मूलभूत चौकटीचा भाग आहे, ही न्यायालयाची भूमिका. तर स्वतःच्या नेमणुकांविषयी न्यायालयच न्यायाधीश कसे, हा टीकाकारांचा सवाल. दोहोंत तथ्य असल्यानेच हा वाद मिटलेला नाही.

महाराष्ट्राचे दाखले

अलीकडच्या काळात या प्रश्नांची धग महाराष्ट्राने प्रत्यक्ष अनुभवली. ५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने गैरवर्तनाच्या आरोपावरून भाजपच्या बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चालू अधिवेशनापलीकडचे हे निलंबन घटनाबाह्य ठरविले. आमदाराची जागा रिक्त झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्तही होत नाही आणि मतदारसंघाला प्रतिनिधीही मिळत नाही. म्हणजे शिक्षा आमदाराइतकीच मतदारांनाही होते, हा त्यामागचा तर्क होता.

दुसरे उदाहरण राज्यपालनियुक्त बारा आमदारांचे. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी बारा नावांची शिफारस केली. राज्यपालांनी ती स्वीकारली नाही आणि परतही पाठविली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाजवी वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे म्हटले. मात्र राज्यपालांना आदेश देण्याचे टाळले. निर्णय झालाच नाही आणि २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने ती यादी मागे घेतली.

तिसरे उदाहरण शिवसेनेतील फुटीचे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी बहुमत चाचणीचा राज्यपालांचा निर्णय असमर्थनीय ठरविला. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने आधीची स्थिती पुनःस्थापित करता येणार नाही, असे सांगून अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडेच सोपविला. जून २०२२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकरणात अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर.

मौनाचा अधिकार

या उदाहरणांतून एक बदल ध्यानात येतो. सत्तरच्या दशकातील संघर्ष उघड कृतींवरून होता. आता तो निष्क्रियतेवरून होतो आहे. राज्यपाल विधेयकावर स्वाक्षरी करीत नाहीत, अध्यक्ष अपात्रतेवर निर्णय देत नाहीत, सरकार न्यायवृंदाने सुचविलेल्या नावांवर उत्तर देत नाही. घटनेने अनेक ठिकाणी कालमर्यादा घातलेली नाही, कारण पदाधिकारी वाजवी वेळेत वागतील, हे घटनाकारांनी गृहीत धरले होते. नकाराला आव्हान देता येते, पण मौनाला आव्हान देणे कठीण असते.

तामिळनाडूच्या दहा विधेयकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने ८ एप्रिल २०२५ रोजी राज्यपाल व राष्ट्रपती यांना कालमर्यादा आखून दिल्या. राष्ट्रपतींनी मे महिन्यात चौदा प्रश्नांवर न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मत दिले, की न्यायालयाला अशा कालमर्यादा लादता येणार नाहीत आणि संमती मिळाल्याचे गृहीत धरता येणार नाही. तथापि, राज्यपालांना विधेयक अनिश्चित काळ अडवून धरता येत नाही आणि दीर्घ व अकारण विलंब झाल्यास निर्णय घेण्याचा मर्यादित आदेश न्यायालय देऊ शकते, असेही या पीठाने नमूद केले. न्यायालयाने येथे स्वतःच्याच एका पीठाचे पाऊल मागे घेतले, ही बाब उल्लेखनीय आहे.

पुन्हा केशव सिंग

१९६४ च्या त्या प्रकरणात सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने ३० सप्टेंबर रोजी बहुमताने आपले मत दिले. सभागृहाला विशेषाधिकार आहेत. पण सभागृहाबाहेरच्या नागरिकाला त्याने कैद केल्यास त्या कैदेची वैधता तपासण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे आणि तसे करणाऱ्या न्यायमूर्तींना सभागृहापुढे खेचता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. विधानसभा हरली आणि न्यायालय जिंकले, असे अनेकांना वाटले.

परंतु मूळ याचिकेची सुनावणी बाकीच होती. मार्च १९६५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिचा निकाल दिला. आपल्या अवमानाबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार विधानसभेला आहे, असे सांगून न्यायालयाने केशव सिंग यांची याचिका फेटाळली.

विधानसभेचा शिक्षा देण्याचा अधिकार टिकला आणि त्या शिक्षेविषयी जाब विचारण्याचा न्यायालयाचा अधिकारही टिकला. अंतिम शब्द कोणा एकाचा ठरला नाही. गेल्या सात दशकांत ज्या ज्या अंगाने तो सर्वस्वी आपला म्हणून सांगितला, त्याला केव्हा ना केव्हा मागे यावे लागले. संसदेला १९८० मध्ये, न्यायालयाला १९७८ मध्ये आणि वटहुकुमांवर राज्य करणाऱ्या सरकारला १९८६ मध्ये. ही व्यवस्था संथ आहे, क्वचित निराश करणारीही आहे. परंतु एखाद्या नागरिकावर सत्तेचा हात पडतो, तेव्हा दाद मागण्यासाठी दुसरे एक दार उघडे असते, ते याच व्यवस्थेमुळे.

केशव सिंग यांच्या वाट्याला शिक्षेचा उरलेला एक दिवस आला. त्या एका दिवसाबद्दल न्यायालयात वर्षभर युक्तिवाद झाला होता.